गूगल अ‍ॅड्स: जाहिरात मंजूर होते, चार दिवस चालते आणि पुन्हा बंद पडते, तेव्हा काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. गूगल अ‍ॅड्सवर व्यवसायाचं खातं उघडलं, कार्ड जोडलं, सर्च कॅम्पेन (शोधाच्या निकालांत दिसणाऱ्या जाहिरातींची मोहीम) तयार केलं, जाहिरातीपुढे ‘एलिजिबल’ उमटलं. थोडे क्लिकही आले. मग एका सकाळी बघावं तर इंप्रेशन (जाहिरात किती वेळा दिसली तो आकडा) शून्य, किंवा जाहिरातीपुढे ‘डिसअप्रूव्ह्ड’. ती काढून तशीच दुसरी टाकली की काही दिवस ठीक चालतं, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. या फेऱ्यात काही जण अख्खं कॅम्पेन पुसून नव्याने करतात, काही जण सरळ दुसरं खातं उघडतात. पहिल्यात वेळ जातो. दुसऱ्यात खातंच जाऊ शकतं, त्यावर शेवटी येतो.

माझं मत असं की पुन्हा पुन्हा येणारा बिघाड जाहिरातीच्या मजकुरात क्वचित असतो. मजकूरच नियमात बसत नसेल तर जाहिरात नाकारली जाते आणि नाकारलेलीच राहते. चालू-बंद, चालू-बंद होत असेल तर तिच्यामागे असं काहीतरी आहे जे स्वतःच पुन्हा पुन्हा घडतं. दर वेळी अडणारं कार्ड, सर्व्हरवरचा एखादा सुरक्षा नियम, दुपारपर्यंत संपणारं बजेट, आपोआप लागू होणाऱ्या शिफारशी. ते सोडून मथळे बदलत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी स्वतःची जाहिरात शोधणं थांबवा

दिवसातून दहा वेळा गूगलवर स्वतःचा कीवर्ड (ज्या शोधशब्दावर जाहिरात लावली तो) टाकून ‘आलो का, आलो का’ बघायची सवय जवळपास प्रत्येकाला असते. त्यातून काही कळत नाही, वर नुकसान होतं. तुम्ही बघता आणि क्लिक करत नाही, म्हणजे इंप्रेशन वाढतं आणि क्लिकचं प्रमाण घसरतं. तुम्ही सतत शोधून कधीच क्लिक करत नसाल तर गूगल तुम्हाला ती जाहिरात दाखवणं बंदही करू शकतं. म्हणजे बाकी सगळ्यांना दिसतेय आणि फक्त मालकाला दिसत नाही, अशी गंमत होते. स्वतः क्लिक करून बघणं तर त्याहून वाईट, कारण त्याचे पैसे तुमच्याच खिशातून जाऊ शकतात.

यासाठी खात्यातच ‘अ‍ॅड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस’ नावाचं साधन आहे. त्यात शोधशब्द, ठिकाण, भाषा आणि मोबाइल की कॉम्प्युटर एवढं निवडायचं. जाहिरात दिसत असेल तर ती दाखवतं, नसेल तर कारण सांगतं: बजेट संपलं, ठिकाण बसत नाही, बोली (जाहिरातीच्या जागेच्या लिलावात लावलेली रक्कम) कमी पडते, नकारात्मक कीवर्ड (ज्या शब्दाच्या शोधावर जाहिरात नको तो) आडवा आला. इथलं बघणं इंप्रेशनमध्ये धरलं जात नाही. पुढचं काहीही करण्याआधी इथून सुरुवात करा, निम्मे प्रश्न इथेच सुटतात.

बंद पडलं त्या तारखेपासून मागे चला

दुसरी जागा ‘चेंज हिस्टरी’. खात्यात कोणी, कधी, काय बदललं याची इथे तारीख-वेळेसकट नोंद असते. इंप्रेशनचा आलेख वर ठेवा, तो कोसळला तो दिवस पकडा आणि त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांतल्या नोंदी वाचा.

यात एक नोंद पुष्कळांना चकित करते: बदल केलेला असतो, पण कोणी माणसाने नाही. ‘ऑटो-अप्लाय’ चालू असेल तर गूगलच्या शिफारशी तुम्हाला न विचारता लागू होतात. नवे कीवर्ड जोडले जातात, काही काढले जातात, बोलीची पद्धत बदलते. तुम्ही हाताने सगळं जागेवर आणता आणि पुन्हा तेच होतं. ‘रेकमेंडेशन्स’च्या पानावर ऑटो-अप्लायचं बटण आहे. आत जाऊन काय काय टिक केलेलं आहे ते बघा आणि न समजणारं सगळं बंद करा.

जाता जाता ‘ऑप्टिमायझेशन स्कोअर’बद्दल. हा आकडा ० ते १०० टक्के असतो आणि कमी दिसला की लोकांचा जीव वरखाली होतो. जाहिरातीची जागा ठरवताना हा आकडा वापरलाच जात नाही. शिफारस नाकारली तरी तो वाढतो. एजन्सीला मात्र त्यात रस असू शकतो, कारण गूगलचा पार्टनर बिल्ला मिळवायला त्यांच्या खात्यांचा हा स्कोअर किमान ७० टक्के लागतो. तुमच्या वतीने कोणी खातं चालवत असेल आणि शिफारशी धडाधड स्वीकारल्या जात असतील, तर कोणाच्या फायद्यासाठी हे विचारायला हरकत नाही.

आणखी एक घोळ चेंज हिस्टरीच्याच पानावर उघडा पडतो. जाहिरातीत एक शब्द जरी बदलला तरी ती पुन्हा तपासणीला जाते. तपासणी साधारण एका कामाच्या दिवसात होते. पण दुपारी मथळा बदलला, संध्याकाळी वर्णन बदललं, सकाळी पुन्हा मथळा, असं चालू असेल तर जाहिरात कायम ‘अंडर रिव्ह्यू’मध्येच राहणार. बदल एकदाच करा आणि हात बांधून बसा. दोन कामाचे दिवस उलटूनही निकाल नसेल तरच मदत केंद्राला कळवा.

पैसे कुठे अडतात

खात्यात आपोआप वसुली चालू असेल तर गूगल दोनपैकी जे आधी येईल तेव्हा कार्डवर रक्कम टाकतं: खर्च ठरावीक मर्यादेला पोहोचला की, किंवा महिन्याची ठरलेली तारीख आली की. नव्या खात्यात ही मर्यादा लहान असते आणि वसुली सुरळीत होत गेली की वाढत जाते. पहिल्या छोट्या रकमा सहज निघाल्या, मर्यादा वाढली आणि पुढची रक्कम कार्डच्या ऑनलाइन व्यवहाराच्या मर्यादेपलीकडे गेली, की बँक व्यवहार नाकारते आणि जाहिराती थांबतात. तुम्ही हाताने थोडे पैसे भरता, जाहिराती सुरू होतात, आणि पुढच्या वसुलीला पुन्हा तेच. इथे मजकूर कितीही सुधारा, पालथ्या घड्यावर पाणी. बँकेकडून मर्यादा वाढवून घ्या आणि बिलिंगमध्ये दुसरं कार्ड पर्यायी म्हणून जोडून ठेवा. पहिलं अडलं तर दुसऱ्यावर वसुली होते.

आगाऊ भरण्याच्या पद्धतीत कारण सोपं असतं, शिल्लक संपली. फक्त ती कधी संपली हे बघायला बिलिंगच्या पानावर जावं लागतं आणि तिकडे कोणी फिरकत नाही.

पैशांशेजारीच पडताळणीचा विषय येतो. गूगल जाहिरातदाराची ओळख तपासतं आणि त्यासाठी मुदत देतं. ती सूचना खात्यात आणि मेलवर येते. मुदत चुकली की जाहिराती थांबतात. कागदपत्रं देऊनही नाकारली जातात त्याचं नेहमीचं कारण म्हणजे नावातला फरक. पेमेंट प्रोफाइलवर दुकानाच्या पाटीवरचं नाव, कागदपत्रांवर कायदेशीर नाव. आधी प्रोफाइलवरचं नाव कागदाप्रमाणे करा, मग अर्ज करा. उलट क्रमाने केलं की फेऱ्या वाढतात.

‘डेस्टिनेशन नॉट वर्किंग’: पण साइट तर उघडतेय

सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार हा. जाहिरात नाकारली जाते, कारण दिलेलं असतं ‘डेस्टिनेशन नॉट वर्किंग’. तुम्ही मोबाइलवर साइट उघडता, छान उघडते. मित्राला सांगता, त्याच्याकडेही उघडते. अपील करता, मंजूर होतं, आणि काही दिवसांनी पुन्हा नामंजूर.

पहिली गोष्ट, जाहिरातीच्या स्थितीवर कर्सर नेऊन पूर्ण तपशील वाचा. नुसतं ‘डिसअप्रूव्ह्ड’ वाचून अपील करणारे बरेच आहेत. तपशिलात अनेकदा सर्व्हरने दिलेला कोड असतो. ४०४ म्हणजे पान सापडलं नाही, ५०० च्या घरातला कोड म्हणजे सर्व्हर कोलमडला, आणि ४०३ म्हणजे पान आहे पण सर्व्हरने दार उघडलं नाही. तिसऱ्यात खरी गोम असते.

तुमचं पान तपासायला माणूस येत नाही, ‘अ‍ॅड्सबॉट-गूगल’ नावाचा बॉट (आपोआप पानं वाचणारा प्रोग्राम) येतो, आणि मोबाइलसाठी वेगळा ‘अ‍ॅड्सबॉट-गूगल-मोबाइल’. तुमच्या ब्राउझरला सर्व्हर जे दाखवतो तेच बॉटला दाखवेल असं नाही. प्रिंटर दुरुस्तीच्या एका साइटचं उदाहरण सांगतो. तिथे ४०३ येत होता आणि तोही फक्त मोबाइलच्या तपासणीत. होस्टिंगवरून सर्व्हरच्या नोंदी काढल्या तर चित्र स्पष्ट होतं. अ‍ॅड्सबॉट-मोबाइलच्या पहिल्या काही विनंत्यांना २००, म्हणजे सगळं ठीक, आणि त्यानंतर ओळीने ४०३, ४०३, ४०३. साइटवर बसवलेल्या सुरक्षा प्लगइनमध्ये (साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये) नियम होता की एकाच आयपी पत्त्यावरून मिनिटभरात ठरावीक संख्येपेक्षा जास्त पानं मागितली तर तो पत्ता दिवसभर अडवायचा. जाहिराती आणि साइटलिंक (जाहिरातीखालच्या जादा लिंक) वाढल्या की बॉट एका दमात बरीच पानं तपासायला येई, नियमात अडके, जाहिराती नाकारल्या जात. दुसऱ्या दिवशी बंदी आपोआप उठे, अपील मंजूर होई, आणि मंडळींना वाटे की मथळा बदलल्यामुळे झालं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

उपाय जाहिरातीत नव्हताच. प्लगइनमध्ये गूगलच्या बॉटना सूट दिली आणि फेरा थांबला. फक्त सूट नुसत्या नावावर देऊ नका, कारण अ‍ॅड्सबॉट हे नाव लावून कोणीही येऊ शकतं. गूगल आपल्या बॉटचे आयपी पत्ते जाहीर करतं. बऱ्याच सुरक्षा सेवांमध्ये ‘व्हेरिफाइड बॉट्स’ला परवानगी द्यायची सोय त्यावरच चालते, ती वापरा. याच कारणाने, ब्राउझरमध्ये स्वतःची ओळख अ‍ॅड्सबॉट अशी बदलून चाचणी घेतली तर निकाल फसवा येऊ शकतो. खऱ्या बॉटला सोडणारा सर्व्हर तुम्हाला खोटा समजून अडवेल. सर्व्हरच्या नोंदी बघणं हाच खात्रीचा मार्ग. त्या कुठे असतात ते होस्टिंगवाल्यांना विचारा, द्यायला त्यांना काही अडचण नसते.

इथेच रोबोट्स फाइलबद्दल (कोणत्या बॉटने साइटवर यायचं नाही हे सांगणाऱ्या फाइलबद्दल) एक गैरसमज. बरेच जण सांगतात की रोबोट्स फाइलमध्ये सगळ्या बॉटना मनाई आहे म्हणून जाहिरात अडतेय. अ‍ॅड्सबॉट तारांकन लावलेला, म्हणजे सगळ्या बॉटसाठीचा, सर्वसाधारण नियम पाळत नाही. त्याला अडवायचं तर त्याचं नाव घेऊनच अडवावं लागतं. म्हणून त्या फाइलमध्ये फक्त एवढंच बघा की अ‍ॅड्सबॉटचं नाव कोणी लिहून ठेवलंय का. नसेल तर फाइल बंद करून पुढे जा.

बाकीची कारणं झटपट सांगतो. ठरावीक देशाबाहेरून येणाऱ्यांना साइट बंद ठेवली असेल तर बॉट अडकू शकतो, तो तुमच्याच भागातून येईल असं गृहीत धरू नका. जाहिरातीतला डोमेन एक आणि पान दुसऱ्याच डोमेनवर पोचत असेल तर ‘डेस्टिनेशन मिसमॅच’ येतं. लिंक लहान करणाऱ्या सेवांचे पत्ते आणि चुकीचं ट्रॅकिंग टेम्प्लेट (क्लिक मोजण्यासाठी पत्त्याला जोडायचा साचा) यांमुळे हे सर्रास होतं. ‘लवकरच येत आहोत’ अशी पाटी असलेलं पान चालत नाही.

एक चाचणी मात्र प्रत्येक नव्या खात्यात करा. गूगल अ‍ॅड्समध्ये ऑटो-टॅगिंग चालू असलं की क्लिकनंतर पत्त्याच्या शेपटीला ‘जीक्लिड’ नावाचा लांबलचक कोड लागतो. काही साइटना अनोळखी शेपूट चालत नाही आणि त्या सरळ ४०४ देतात. तुम्ही साधा पत्ता टाकून बघता तेव्हा सगळं ठीक, जाहिरातीवरून येणाऱ्याला मात्र ‘पान सापडलं नाही’. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, जीक्लिड इंग्रजी लहान अक्षरांत, बरोबरचं चिन्ह आणि कुठलाही एक शब्द, एवढं जोडून पान उघडा. उघडलं तर बरं. उघडल्यावरही वरच्या पट्टीकडे बघा, शेपूट जागेवर आहे की गळून पडली? ती गळण्याचा त्रास पुढे कन्व्हर्जन, म्हणजे क्लिकमधून आलेली चौकशी किंवा विक्री, मोजताना होतो.

हे सगळं दुरुस्त झाल्यावरच अपील करा. अपिलात दोन पर्याय असतात: ‘नियमात बसेल असा बदल केला आहे’ किंवा ‘निर्णय मान्य नाही’. सर्व्हरचा नियम बदलला असेल तर पहिला निवडा. अपिलाची स्थिती पॉलिसी मॅनेजरमध्ये दिसते. तिथला निकाल येण्याआधी त्याच जाहिरातीची नक्कल टाकण्यात अर्थ नाही.

मंजूर आहे, पैसे भरलेत, तरी दिसत नाही

इथे कॅम्पेनच्या तक्त्यात तीन रकाने जोडा: ‘सर्च इंप्रेशन शेअर’, ‘सर्च लॉस्ट इंप्रेशन शेअर बजेट’ आणि त्याचाच ‘रँक’वाला भाऊ. पहिला सांगतो की मिळू शकणाऱ्या इंप्रेशनपैकी किती टक्के मिळाली. उरलेली का गेली ते पुढचे दोन सांगतात. हे रकाने सुरुवातीला लपलेले असतात, म्हणून लोक अंदाजाने बजेट वाढवत बसतात.

बजेटमुळे गेलेल्या इंप्रेशनचा आकडा मोठा असेल तर जाहिरात दिवसाच्या काही भागात दिसून नाहीशी होत असणार. हे समजून घ्यायला बजेटचा हिशोब ठाऊक हवा. तुम्ही टाकता ते रोजचं सरासरी बजेट असतं. एखाद्या दिवशी गूगल त्याच्या दुप्पट खर्च करू शकतं, पण महिन्याचा खर्च रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीपलीकडे जात नाही. रोजचं बजेट ५०० टाकलं असेल तर एखाद्या दिवशी १००० जातील आणि महिन्याचा कमाल आकडा १५,२०० राहील. ‘काल दुप्पट कापले’ ही तक्रार आणि ‘आज जाहिरातच नाही’ ही तक्रार अनेकदा एकाच हिशोबाची दोन टोकं असतात. बजेट वाढवता येत नसेल तर कीवर्ड कमी करा. थोड्या बजेटवर शंभर कीवर्ड म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या.

रँकमुळे, म्हणजे लिलावात मागे पडल्यामुळे, गेलेल्यांचा आकडा मोठा असेल तर बजेट दुप्पट करून काहीच होत नाही. तिथे बोली कमी पडतेय, किंवा जाहिरात आणि पान शोधाशी जुळत नाही. बोलीसाठी ‘टार्गेट सीपीए’ लावला असेल तर पहिला संशय त्याच्यावर. एका चौकशीमागे किती खर्च चालेल हा आकडा फारच कमी टाकला की यंत्रणा लिलावात उतरतच नाही आणि खर्च शून्यावर येतो. नव्या खात्यात कन्व्हर्जनचा इतिहास नसतो, तेव्हा मी हा पर्याय लावत नाही. ‘मॅक्सिमाइज क्लिक्स’ आणि एका क्लिकला कमाल मर्यादा, एवढ्यावर सुरू करून शोधशब्द जमा होऊ देणं मला जास्त पटतं. मर्यादा टाकायला विसरू नका, नाहीतर एखादा क्लिक भलताच महाग पडतो.

क्वालिटी स्कोअर १ ते १० मध्ये असतो आणि तीन गोष्टींवर बनतो: क्लिक होण्याची अपेक्षा, जाहिरात शोधाशी किती जुळते आणि पानाचा अनुभव. नव्या कीवर्डपुढे आकड्याऐवजी आडवी रेघ दिसते, तो बिघाड नाही, माहिती अजून पुरेशी नाही. आकड्यापेक्षा ते तीन घटक बघा. ‘अ‍ॅड रेलेव्हन्स’ सरासरीखाली असेल तर एकाच अ‍ॅड ग्रुपमध्ये (कीवर्ड आणि त्यांच्या जाहिरातींच्या एका गटात) भिन्न सेवा कोंबल्या आहेत. प्रिंटर दुरुस्ती आणि प्रिंटर भाड्याने, दोन्हीला एकच जाहिरात जुळणार कशी?

कीवर्डपुढे ‘लो सर्च व्हॉल्यूम’ असेल तर तो शब्द फार कमी लोक शोधतात, म्हणून झोपवून ठेवलाय. शोध वाढले की तो आपोआप जागा होतो. वाट न बघता जरा व्यापक शब्द घ्या. आणि नकारात्मक कीवर्ड तपासा. ‘मोफत’ हा नकारात्मक टाकून ठेवलाय आणि खाली कीवर्ड आहे ‘प्रिंटर मोफत तपासणी’, असा स्वतःच्याच पायावर धोंडा पुष्कळ खात्यांत सापडतो. त्यात नकारात्मक कीवर्ड एकवचन-अनेकवचन आपोआप धरत नाहीत, दोन्ही रूपं वेगळी टाकावी लागतात. नेहमीच्या कीवर्डसारखं ते वागत नाहीत.

खातं उघडतानाच बसलेल्या गाठी

काही त्रास पहिल्या अर्ध्या तासातले असतात. चलन एकदा निवडलं की बदलत नाही. टाइम झोनही तिथेच ठरतो आणि जाहिरातींचं वेळापत्रक, दिवसाचं बजेट, अहवाल सगळं त्यावर चालतं. टाइम झोन भलताच पडला असेल तर ‘सकाळी ९ ते संध्याकाळी ६’ असं लावलेलं वेळापत्रक मध्यरात्री चालतं आणि दिवसभर जाहिरात दिसत नाही. रोज ठरावीक वेळी गायब होणारी जाहिरात असेल तर आधी हे बघा.

नोंदणी करताना गूगल लगेच कॅम्पेन बनवायला लावतं आणि घाईत ‘स्मार्ट’ कॅम्पेन तयार होतं. त्यात कीवर्डवर पूर्ण ताबा मिळत नाही, वर सांगितलेले रकानेही सापडत नाहीत. ‘एक्स्पर्ट मोड’मध्ये जा आणि साधं सर्च कॅम्पेन बनवा. बनवताना दोन टिक काढा: डिस्प्ले नेटवर्क (इतर साइट आणि अ‍ॅपवरच्या जाहिराती), आणि सुरुवातीपुरतं सर्च पार्टनर्सही (गूगलच्या जाहिराती दाखवणाऱ्या इतर शोध साइट). ठिकाणाच्या सेटिंगमध्ये ‘प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट’ आधीच निवडलेलं असतं. त्यामुळे तुमच्या भागाबद्दल फक्त रस दाखवणाऱ्या लांबच्या माणसालाही जाहिरात दिसते. जागेवर जाऊन सेवा देणाऱ्यांनी ‘प्रेझेन्स’ एवढंच ठेवावं. भाषेचं म्हणाल तर गूगल तुमचे कीवर्ड किंवा जाहिरात भाषांतरित करून देत नाही. लोक ज्या ज्या भाषेत आणि लिपीत शोधतात त्यात शब्द तुम्हालाच टाकायचे आहेत.

शिकवणाऱ्या व्हिडिओंबद्दल एक खूण लक्षात ठेवा. ज्यात ‘अ‍ॅडवर्ड्स’ म्हटलंय तो २०१८ च्या नामांतराआधीचा किंवा त्या सवयीचा. ज्यात शब्दांपुढे अधिकचं चिन्ह लावायला सांगतात तो २०२१ च्या आधीचा, तो प्रकार बंद झाला. ३० जून २०२२ नंतर जुन्या पद्धतीच्या विस्तारित मजकूर जाहिरातीही नव्याने करता येत नाहीत. आता रिस्पॉन्सिव्ह जाहिरात असते: ३० अक्षरांपर्यंतचे १५ मथळे आणि ९० अक्षरांपर्यंतची ४ वर्णनं, ज्यांची जुळणी गूगल करतं. किमान ३ मथळे आणि २ वर्णनं लागतातच.

खातं दुसऱ्या कोणाकडून उघडून घेतलं असेल तर ‘अ‍ॅक्सेस अँड सिक्युरिटी’मध्ये जाऊन तुमचा मेल ‘अ‍ॅडमिन’ आहे का ते आजच बघा. नुसता ‘रीड ओन्ली’ असेल तर उद्या एजन्सी बदलताना खातं आणि त्यातला सगळा इतिहास मागे राहतो. दहा अंकी कस्टमर आयडी लिहून ठेवा. एजन्सीने त्यांच्या मॅनेजर खात्यातून (अनेक खाती एकत्र सांभाळणाऱ्या खात्यातून) तुमच्या खात्याला जोडून घ्यावं, मालकी तुमच्याकडे असावी.

क्लिक येतात, चौकशी नोंदत नाही

फॉर्म भरले जातात, फोन येतात, पण अहवालात कन्व्हर्जन शून्य. टॅग (कन्व्हर्जन मोजण्यासाठी साइटवर टाकलेला गूगलचा कोड) बसलाय की नाही ते गूगलच्या टॅग असिस्टंट या साधनाने बघा. टॅग ठीक असूनही शून्य असेल तर वरची गळलेली शेपूट आठवा. साध्या पत्त्यावरून ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’वाल्या पत्त्याकडे वळवताना सर्व्हर जीक्लिड टाकून देत असेल तर कोणत्या क्लिकमुळे चौकशी आली हे गूगलला कळायला मार्ग राहत नाही. जाहिरातीत थेट शेवटचा, कुठेही न वळणारा पत्ता टाका.

उलटा प्रकारही होतो, चौकशी एक आणि नोंदी तीन. आभाराचं पान लोक रिफ्रेश करतात. चौकशीसाठी मोजणी ‘वन’ ठेवा, विक्रीसाठी ‘एव्हरी’. आकडे दुसऱ्या साधनाशी जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. गूगल अ‍ॅड्स कन्व्हर्जन क्लिकच्या दिवशी मांडतं. सोमवारी क्लिक करून गुरुवारी फॉर्म भरला तर नोंद सोमवारची, म्हणून मागच्या आठवड्याचे आकडे पुढच्या आठवड्यात वाढलेले दिसतात.

खातंच निलंबित झालं तर

लाल पट्टी आली की पहिला विचार दुसऱ्या मेलवरून नवं खातं उघडण्याचा येतो. तो करू नका. निलंबित असताना दुसरं खातं उघडणं हाच ‘सर्कमव्हेंटिंग सिस्टिम्स’ या गंभीर नियमाचा भंग आहे. नवं खातं तर बंद होतंच, वर जुन्याचं अपीलही कमकुवत होतं.

कारण काय दिलंय ते वाचा. ‘सस्पिशियस पेमेंट’ असेल तर कार्ड कोणाचं, प्रोफाइल कोणाचं आणि पत्ता कोणता, हे जुळवून घ्या. नव्या खात्यात मित्राचं किंवा नातेवाइकाचं कार्ड लावलं की हे हमखास होतं. व्यवसायाबद्दल शंका घेतली असेल तर साइटवर संपर्काचा पत्ता, फोन, परताव्याचे नियम ठळक आहेत का बघा आणि प्रोफाइलवरचं नाव साइटवरच्या नावाशी जुळवा. साइटमध्ये घुसखोरीचा कोड सापडल्याचं सांगितलं असेल तर साइट साफ करून घेतल्याशिवाय अपील करू नका.

अपील एकदाच आणि मुद्द्याला धरून लिहा. व्यवसाय काय करतो, कोणती गोष्ट चुकली होती, ती कधी आणि कशी दुरुस्त केली, कागद कोणते जोडलेत. ‘आम्ही काहीच केलं नाही, कृपया लवकर सुरू करा’ असं लिहून काही हाती लागत नाही, आणि तेच अपील रोज पाठवल्याने रांग पुढे सरकत नाही. निलंबित खात्यात जाहिराती चालत नसल्या तरी आत जाऊन अहवाल बघता येतात. उत्तर यायची वाट बघताना ‘सर्च टर्म्स’चा (लोकांनी प्रत्यक्ष काय शोधलं त्याचा) अहवाल आणि नकारात्मक कीवर्डची यादी उतरवून ठेवा. जाहिराती पुन्हा सुरू झाल्या की पहिल्या दिवसापासून ती लागते.